रद्द करणं रद्द

नेब्रास्कात नोव्हेंबरपर्यंत मका कापून होतो.
शेतात वीतभर खुंट उरतात,
वाऱ्याला अडवायला काही म्हणजे काही नसतं.
चर्चच्या तळघरात आम्ही टेबलं मांडली,
कॉफीचं भांडं लावलं, पेनांना दोऱ्या बांधल्या.
इथे पेन कोणी चोरत नाही. तरी नियम आहे.

मतपत्रिकेवरचा शेवटचा प्रश्न असा होता :
मृत्युदंड रद्द करणारा कायदा
ठेवावा, की रद्द करावा?
म्हणजे ज्याला तो माणूस मरायला हवा
त्यानं 'रद्द'चा गोल भरायचा,
आणि जगला तरी चालेल म्हणणाऱ्यानं 'ठेवा'चा.
हे लिहिणारा कोणी वकील असावा.
किंवा देव.

अकराच्या सुमारास आर्लिस वॉन्ड्रा आली.
हातमोजे न काढताच सही केली,
आडोशामागे गेली, आणि कागद घेऊन परत आली.
"वर्न, तो मरावा असं वाटत असेल
तर कुठला गोल?"

मला प्रश्न वाचून दाखवता येतो.
उलगडून सांगता येत नाही.
मी वाचला.
पुन्हा वाचला, जरा सावकाश.
"ठेवा म्हणजे काय ठेवा?" ती म्हणाली.
उत्तर माझ्या जिभेवर होतं,
आणि नियमाच्या आड लपायला मला बरं वाटलं.
हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

"सोळा वर्षं तो जेवतोय, वर्न. रोज.
अपील आलं की वकिलाचा फोन येतो,
आणि माझी डोरी पुन्हा
वजनकाट्याच्या खोलीत रात्रपाळीला जाते."
मागे रांग थांबली होती.
कोणीतरी खोकलं. ती आडोशामागे गेली.

सत्तावीस वर्षं मी शाळेची पिवळी बस चालवली.
डोरी तिसऱ्या बाकावर, खिडकीशी,
काचेवर वाफ सोडून घोडे काढायची.
कीथ संडेल शेवटच्या थांब्यावर चढायचा,
पुलापलीकडे, जिथे खडीचा रस्ता संपतो
आणि बस वळवायला तीनदा मागेपुढे करावी लागते.
बुटांना नेहमी चिखल. "गुड मॉर्निंग" कधीच नाही.
खटल्याच्या वेळी एका वार्ताहरानं विचारलं,
दोघं कधी शेजारी बसायचे का?
मी हो म्हणालो.
का म्हणालो, ठाऊक नाही.
मला तर ते कधी शेजारी दिसल्याचं आठवतही नाही,
पण पेपरात छापून आलं, आणि गावाला आता
ते माझ्यापेक्षा जास्त आठवतं.

पावणेआठला, दार लावायच्या बेतात असताना
कीथची आई आली.
शाळेच्या स्वयंपाकघरातला एप्रन कोटाखालून लोंबत होता.
तिनं काहीच विचारलं नाही.
आडोशामागे तिला मिनिटही लागलं नाही.
तो प्रश्न तिनं घरी, उभ्याउभ्या,
भांडी विसळताना पाठ केला असणार.
'मी मतदान केलं' असं लिहिलेला स्टिकर मी पुढे केला.
तिनं तो घेतला, चार घड्या घातल्या,
आणि खिशात ठेवला.

रात्री जिल्ह्याच्या मशीननं मोजणी केली.
निकाल तुम्हाला माहीत आहे, किंवा नाही, तरी चालेल.
आमच्या पेटीतला एक कागद मशीननं बाहेर टाकला :
दोन्ही गोल भरलेले,
काठोकाठ, एवढा जोर देऊन
की कागद मागून उठला होता.
कोणाचा, ते कागदावर नसतं.
माझा मी सकाळीच टाकला होता.
तो मला धड समजला होता.
मला विचारू नका.

घरी जाताना मी लांबचा रस्ता का धरला कोण जाणे.
पूल ओलांडला. खडी चाकांखाली वाजू लागली.
संडेलांच्या स्वयंपाकघरात दिवा होता.
मी सवयीनं वेग कमी केला,
आणि माझा उजवा हात
नसलेल्या दांड्याकडे गेला,
दार उघडायला.