दोनाचे चार हात

डिडकॉट. मार्च महिना.
खिडकीतून दिसायचे ते वीजकेंद्राचे मनोरे
पाडले त्याला वर्षं झाली,
तरी मान वर केली की नजर तिथेच जाते
आणि रिकामी परत येते.

मी उंदरिणींच्या अंडाशयाच्या चकत्या तपासते.
केसाहून पातळ, जांभळ्या रंगात बुडवलेल्या.
निजलेल्या बीजपेशी काठाकाठाने असतात,
जन्माआधीच मोजून दिलेल्या.
पुन्हा भर नाही.
नराचं बरं आहे, त्याची छपाई रोज चालू,
चुकलं तर चुकलं, गठ्ठे निघतातच बाहेर.

प्रत्येक बीजपेशीत एक प्रथिन राखणीला,
क्रमांक त्रेसष्ट.
इथे कुणाला सांगू, की आमच्या लिपीत
सहा आणि तीन समोरासमोर बसतात, गुजगोष्टी करत?
दोन-दोन रेणू एकमेकांना धरून,
मूठ झाकलेली.
किरण लागून धागा तुटला
की मूठ उघडते, दोघांचे चौघे होतात
आणि पेशी स्वतःला मिटवते.
दोनाचे चार हात कधी,
आई दर फोनला विचारायची.
मी ते शब्द वहीत लिहिलेत, पेन्सिलीने,
मरणाच्या रकान्यात.

तांदूळ निवडताना खडा आपण काढतो.
इथे तांदूळच उठून जातो
आपण खडा असू या संशयाने.

अकरा नंबरची, किरण दिलेली : शून्य.
बारा : शून्य.
पुन्हा मोज, म्हणाली रोवेना.
मोजलं. काठ कोरा.

मग तीच डोळा लावून बसली,
चहावर साय धरेपर्यंत.
म्हणाली, एकोणिसाव्या वर्षी, ब्रिस्टलला,
मला कॅन्सरची औषधं दिली.
केस परत येतील म्हणाले होते.
केसांचं खरं निघालं.

मला सुचलं ते इंग्रजीत बसेना,
म्हणून विचारलं, बिस्किट?
तिने घेतलं, मोडलं, खाल्लं नाही.
एकीनेही चूक पुढे ढकलली नाही बघ, म्हणाली,
चोख होत्या सगळ्या.
जरा कमी चोख असत्या तर
एवढं बोलून तिने भिंगाची काच पुसली,
स्वच्छच होती ती.

तेरा नंबरची. हिला किरण दिलेले नाहीत.
काठावर गर्दी, नुसती दाटी.
मोठ्याने मोज, म्हणाली रोवेना.

मी मोजू लागले, आणि बऱ्याच वेळाने ध्यानात आलं
की मराठीत मोजतेय.
अडतीस, एकोणचाळीस, चाळीस.
तिने थांबवलं नाही.