पंचेचाळीस गाद्या

दारव्हा रोडवर बिछायत केंद्र हाये माह्यं.
सतरंज्या, कनाती, दोनशे खुर्च्या,
नवरदेव-नवरीचे दोन सिंहासनं, एकाचा हात मोडलेला,
अन् पंचेचाळीस गाद्या.

आखाडात लग्नं बंद, गोडाऊन भरलेलं.
शुद्धोधन मेश्रामचा पोट्टा आला, सम्यक.
म्हने, काका, गाद्या पाह्यजेत. पसरून नाई,
उभ्या. चारी भितीले टेकून.
मी म्हटलं, काऊन बाप्पा, कोन पागल झालं?
म्हने, अल्बम करून रायलो.

तौसीफ पंक्चरवाल्याचा लॅपटॉप,
माईकले पायमोजा,
पंखा बंद, अन् पत्र्यावर पानी आलं का सारंच बंद.
त्या पोट्ट्याच्या तोंडून शब्द असे निंगत
जशी थ्रेशरातून तूर,
भूस इकडं, दाना तिकडं.
शिव्या आमच्याच, घरच्या,
पन काट्यावर मोजून देल्लेल्या.
नाव ठेवलं ‘उलंगवाडी’.

नऊ गाने झाले.
दहाव्याच्या टायमाले तुळशीचं लग्न लागलं,
दिग्रसचे पाव्हने, पह्यलीच तारीख,
गाद्या टेम्पोत.
पोट्टा रिकाम्या गोडाऊनात तसाच उभा राह्यला.
आवाज जाये, पत्र्याले आपटे,
उलटा ये त्याच्याच अंगावर.

पुन्याच्या कोन्या साह्यबानं लिवलं,
शेवटच्या गाण्यातला घुमारा म्हणजे
‘कलावंतानं जाणीवपूर्वक निवडलेली पोकळी’.
तौसीफ हसता हसता ट्यूबच्या टबात पडता पडता वाचला.
नागपूरचा एक बोल्ला, भाषा सुधरवा.
इथी सरपंचानं आयकलं नाई, पन नाराज झाला.
काकडे सरनं सातव्या गाण्यात तीन चुका काढल्या
अन् चवथं दोनदा लावलं.
मानोऱ्याच्या गाडीतला कंडक्टर
तिकीट फाडता फाडता तेच गुनगुनते म्हनतात.
मंग निवडनूक आली, लोकायले दुसरं काम भेटलं.

मी आयकलं लय उशिरा.
मांडव सोडून रायलो होतो, पोट्ट्यायनं मोबाईल लावला.
दहावं.
‘बावीस साल गादी पसरवली माह्या बापानं,
चादरीची घडी, लोडाचा कोना,
बसला नाई कवाच.
काका, तुमच्या रजिस्टरात
बसाचा कॉलम हाये का?’
एवढंच. शिवी एकही नाई.
शुद्धोधन तिकडं दोरी गुंडायत होता,
त्याले आयकू गेलं का नाई,
मी पाह्यलं नाई तिकडं.

त्या रात्री गाद्या परत आल्या.
हयदीचे डाग, एकीले पानाची पिचकारी.
मोजल्या. चव्वेचाळीस.
पुन्हा मोजल्या.
शुद्धोधन सायकल घेऊन कवाचा गेला होता.
कॅरियरवर काय होतं, इचारलं नाई कोनाले.
रजिस्टर उघडलं,
पेन झटकला,
अन् पंचेचाळीस लिवलं.