सराव

वीस वर्षं परक्या पाहुण्यांना हत्ती दाखवले मी.
माऊनमधल्या माझ्या पोरांनी पाहिली
ती फक्त टायरांत अडकून आलेली वाळू.

या जुलैत मात्र चार दिवस आमचे. मोरेमी.
सेनिओने यादी केली: दुर्बीण, सुकवलेल्या मोपानी अळ्या,
लग्नातलं जाड ब्लँकेट. पहाटे उघड्या गाडीत हाडं वाजतात.
तुमोच्या यादीत एकच नाव: शेणकिडा.
"आणि सिंह?"
"दिसला तर बघू की."

बायको म्हणाली, ही दोघं तीन तास गप्प बसतील?
म्हणून सराव. अंगणात उभी गाडी, इंजिन बंद,
मागच्या बाकावर ती तिघं.
खोकायचं नाही. हात बाहेर काढायचा नाही.

दुसऱ्याच मिनिटाला सेनिओला हसू फुटलं.
सहाव्याला कुंपणापाशी
केनोसींची शेळी आली, दावं तोडून.

तुमो पुढे वाकला
आणि हुबेहूब माझ्या पगारी आवाजात कुजबुजला:
"डावीकडे बघा. बाभळीखाली. मादी आहे. घाई नको."

आम्ही चौघांनी श्वास रोखला.
शेळीने माझा वाळत घातलेला गणवेश
सावकाश, बाहीपासून खायला घेतला.