मर्विन सरांचा क्लास

टीव्हीवर तो सिनेमे पडलेला हीरो
वॉल्ट्झ नाचला, जजबाईंनी डोळे पुसले,
अन् अजनीच्या रेल्वे हॉलात
आठवड्यात एक्केचाळीस अर्ज.

मर्विन सर, रिटायर्ड गार्ड,
कूलरमध्ये बादली ओततात.
"पहिला महिना फक्त चालायचं."

"काहून सर? हिले उचलाचं कधी?"
इतवारीचा सराफ.
बायको चमकीच्या गाउनात, खाली पाहत.
"अन् कॅमेरा कोनीकडं समजाचा?"

मालगाडी जाते. फळ्या थरथरतात.
सर हवेतच एक पाठ शोधतात,
तळहात ठेवतात.
"कॅमेरा नाही. तिचा श्वास ऐका,
तो सांगतो पाऊल कधी."

पुढच्या सोमवारी अकराच आले.
सराफ नाही.
त्याची बायको होती, साध्या सलवारीत,
चपला दाराशी जोडून ठेवलेल्या.