नमुना क्रमांक एक्केचाळीस

बुटांचा खोका, आतून पांढरा कागद डकवलेला,
झाकणाला भोक, भोकावर फोन,
कडेला दिव्यांची एक पट्टी.
एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची
माझी प्रयोगशाळा एवढीच,
कळमन्याच्या मागे, मिरचीच्या सातऱ्यावर,
तापल्या पत्र्याखाली.

लाल किती, हिरवा किती, निळा किती,
एका फोटोचे तीन आकडे.
त्यांतून काढायचा मिरचीत मुरलेला रंग.
एरवी त्याला काचेच्या नळ्या लागतात, ॲसिटोन लागतं,
आणि विभागातलं ते एकुलतं यंत्र,
ज्याच्या रांगेत माझा नंबर दिवाळीनंतर.

फोन अतिशहाणा.
लाल फार झालं की परस्पर कमी करतो,
एवढं लाल कुठे असतं का, असं वाटतं त्याला.
मग पांढरं कार्ड दाखवून समजवायचं:
हे बघ, पांढरं म्हणजे हे. आता बोल.
बारानंतर तेही नाही.
'उपकरण थंड होऊ द्या' म्हणतो
आणि मिटून घेतो.

सायत्राबाई देठ खुडता खुडता हसतात.
"तुह्या फोनले ऊन लागते, पोरी.
कांदा ठेव त्याच्या खिशात."

सकाळच्या ढिगातली सत्तावीस नंबरची मिरची
फोनने सगळ्यांत वर लावली होती.
बाईंनी ती कानाशी नेऊन हलवली.
"बी बोलत नाही हिचं. मागच्या सालची हाय,
थंड्या गोदामातली. वरून तेल लावेल हाय."
मी वहीत लिहिलं: चकाकी.
खाली लिहिलं: त्रुटी.
कोणाची, ते लिहिलं नाही.

चारच्या सुमारास, काटा व्हायच्या आधी,
"माहा हात मोजतं का?"

बोटं मावेनात, तळवा तेवढा मावला.
किलोमागे पैसे घेत एकोणीस हंगाम खुडलेला हात.
रेषांत इतकं लाल बसलेलं
की आयुष्याची रेषा कुठली, संसाराची कुठली,
ज्योतिषी गोंधळला असता.
कॅमेरा गोंधळला नाही.
आकडे आले ते भिवापुरीच्या खालोखाल,
गोदामातल्या मालाच्या कितीतरी वर.

"पास झाली का मी?"
"झालात."
"मंग भाव सांग."

सगळा सातरा हसला. हसता हसता खोकला,
मिरचीत तसंच हसावं लागतं.
मीही खोकले.

रात्री रेशीमबागेतल्या खोलीवर तक्ता भरताना
एक्केचाळिसाव्या ओळीशी अडले.
वाण? ओलावा? तोडणीची तारीख?
सरांचा नियम आहे,
रांगेत न बसणारा आकडा काढून टाकायचा.
हा तर बसत होता.

फोनने तोवर न सांगता
दिवसभराचे फोटो सारख्याला सारखे लावून ठेवलेले,
मिरच्या सगळ्या एका गठ्ठ्यात,
आणि हातही त्यांच्यातच.

मी डोळा चोळला.
विसरलेच होते,
बोटं अजून धुतली नव्हती.