दात कोरून

आई म्हणायची, दात कोरून पोट भरत नाही.
तिला काय माहीत,
तिची लेक ट्रॉय नावाच्या गावात, हडसनच्या काठी,
एकोणीस वर्षं दातच कोरणार आहे.
आधी लॅबमध्ये, मेणात आणि ॲक्रिलिकात,
ज्यांची तोंडं कधी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी,
आणि लॅबला कुलूप लागलं तेव्हा
वेंडेल ओस्ट्रँडरच्या शिडीवर,
पाइनच्या लाकडात.

भिंत संपते आणि छत सुरू होतं
तिथे लाकडी दातांची एक ओळ असते.
इकडचे सुतारही तिला दातच म्हणतात.
पहिल्या दिवशी मला ती माझी थट्टा वाटली होती.

घर अठराशे त्रेपन्नचं.
मालकीण मिस ब्रूसार्ड, इस्पितळात रात्रपाळीला.
सकाळी आठला ती उशीत डोकं खुपसते
आणि आठ वाजून पाच मिनिटांनी आमचा हातोडा सुरू.
एकदाही कुरकुरली नाही.

रंगाचे नऊ थर.
वरचा पांढरा, भाडेकरूंसाठी घाईत फासलेला,
त्याखाली दवाखान्यातला हिरवा,
मध्येच एक गुलाबी,
कुणीतरी कुणासाठी तरी हट्टाने लावलेला.
रंगात शिसं, म्हणून ओलं करून खरवडायचं,
मास्कमध्ये स्वतःचाच श्वास परत परत घ्यायचा.
नववा थर निघाला आणि कडा दिसल्या,
सुजलेल्या हिरड्या उतराव्यात तशा.

बावीस दात गायब.
वेंडेल म्हणाला, किनी
(मंदाकिनीतलं एवढंच त्याच्या जिभेला पेलतं),
किनी, बावीस हवेत. एकसारखे. शुक्रवारपर्यंत.

दात दीड इंच, फट पाऊण इंच,
सगळ्या खोलीभर हेच माप.
फक्त धुराड्याजवळच्या कोपऱ्यात दाटी:
दहा इंचांचं ठिगळ, त्यात पाच दात दाबून बसवलेले,
बारीक, एकमेकांना कोपर मारणारे.
हे काढू, वेंडेल म्हणाला, सरळ करू.
त्याचं सरळवर फार प्रेम.

फळी उतरवली. मागे पेन्सिल.
एकशे अडतीस, त्याखाली एकशे सत्तेचाळीस,
त्याखाली रेघ, आणि बेरीज: दोनशे पंच्याहत्तर.
मी शिडीवरच हसले.
आठ नि सात पंधरा, पंधराचे पाच,
हातचा एक
विसरला बिचारा.
दहा इंच कमी कापलं, आणि मग
संध्याकाळी, बहुतेक मालक यायच्या आत,
ठिगळ लावलं.

मी वेंडेलला सांगितलं, लॅबमध्ये
आमचा म्हातारा फोरमन कवळी हातात धरून म्हणायचा,
खालचा एक किंचित वाकडा बसव,
नाहीतर बाईला नवरा ओळखायचा नाही.
सगळे सरळ असले की खोटे दिसतात, वेंडेल.
त्याने गुण्या खिशात घातला. बाहेर जाऊन
बराच वेळ ट्रकपाशी उभा राहिला.
परत आला तो कॉफी घेऊन, दोन कप.
ठेव, म्हणाला.

म्हणून मोडके पाच मी पुन्हा तसेच कोरले,
सव्वा इंच, दाटीचे.
पटाशी मुठीत धरली की मनगटाला
अजून मेणाची सवय आठवते, जोर कमी पडतो,
पाचातला तिसरा जरा जास्तच मऊ झालाय.
राहू दे.

फळी ठोकण्याआधी तिच्या पाठीवर
तीच बेरीज मांडली, आमच्या आकड्यांत,
१३८, १४७, रेघ, २८५,
आणि तीनच्या डोक्यावर, बारीक,
हातचा १.
त्याला पोचता करायला दीडशेहून जास्त वर्षं लागली.

मग खिळे, लांबी, पॉलिशपेपर, रंगाचे दोन हात.

चार वाजता मिस ब्रूसार्ड मोजे घालून खाली आली,
मान वर करून खोलीभर फिरली.
तो कोपरा, ती म्हणाली,
अजून वाकडाच आहे.

हो, मी म्हटलं.
ती तिथेच उभी राहिली,
आणि हसली, तेव्हा दिसलं,
तिचाही खालचा एक.