परतावा

बाप खातं लख्ख पुसून ठेवायचा.
एक तारखेला पगार, दोनला उरायचे बावीस रुपये.
ठेकेदार बदलला की जप्तीचा कागद
दीपनगरच्या जुन्या गेटवरून परत यायचा
आणि अत्तरदे वकील आईला म्हणायचे,
ताई, दम धरा.

एकतीस महिने थकले होते, महिन्याचे तीन हजार.
आई वेफर्सच्या कारखान्यात पाकिटं मोजते.
त्र्याण्णव हजार तिला तोंडपाठ.

मग सरकारनं त्याचा जास्तीचा कापलेला कर
परस्पर त्याच खात्यात टाकला,
आणि त्याला कळायच्या आत
कोर्टाचं पत्र बँकेत पोचलं.
मॅनेजरचं आडनाव झोपे, पण त्या दिवशी जागे होते.
अकरा हजार नऊशे चाळीस.

आई हसली.
भुसावळात, मे महिन्यात.

वकिलांच्या टेबलावर मी फाइल उघडली.
करसवलतीचा तक्ता, त्याच्या हातचा.
विमा. भविष्यनिर्वाह निधी. खाली,
मुलीची फी, बावीस हजार.
कु. हर्षाली हेमराज भंगाळे, आठवी ब.
ली दीर्घ, न चुकता.

फी आईनं भरली होती, तीन हप्त्यांत.
पावतीची दुसरी प्रत
त्यानं शाळेत येऊन नेलेली.
ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, हो, आलते की डिसेंबरात,
पाणी पिऊन गेले.

ऑफिसच्या खिडकीपासून आठवी ब,
मी चालून मोजलं.
एकोणतीस पावलं. मधे कडुनिंब.
त्या आठवड्यात माझी एकही गैरहजेरी नाही.

हिशेब येतो मला.
बावीस हजारांवर त्याचे वाचले
चार हजार पाचशे शहात्तर.
म्हणजे अकरातले एवढे
मी त्याची मुलगी असल्याचे.
बाकी विम्याचे वगैरे.

मावशी म्हणाली, देव बघतो वो माय.
देव नाही मावशी, टपाल. रजिस्टर.

आईनं कूलर घेतला, जामनेर रोडवरून, जुना.
वाळा तेवढा नवा.
संध्याकाळी सहा बादल्या ओतायचं काम माझं,
चौथीला दम लागतो.
अजून येणं आहे एक्क्याऐंशी हजार साठ.

रात्री कूलर घरघरतो, आई झोपते.
मी अजून कुणाला विचारलं नाही
पाणी पिताना त्याचं तोंड
कुठल्या बाजूला होतं.